नवे टायर टाकल्यापासून ॲव्हरेज पडलंय, पाणी नक्की कुठे मुरतंय?

चौथागिअर

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतोय.

गाडी पेट्रोल, १२०० सीसी, वजन साधारण साडेअकराशे किलो. कंपनीतून आलेले टायर १८५/६५ आर १५ होते. ४८,००० किलोमीटर चालले, नक्षी पार गेली होती, मागचे दोन तर गोटाच झालेले. गेल्या महिन्यात चारही बदलले. दुकानदार म्हणाला जरा रुंद घ्या, गाडी दणकट दिसते, रस्ताही धरून चालते. म्हणून २०५/६५ आर १५ घेतले. दिसते खरी दणकट.

पण आधी मला लिटरला १७.२ किलोमीटर मिळायचे. टाकी फुल ते टाकी फुल असा हिशोब, स्क्रीनवरचा आकडा नाही. नव्या टायरवर दोन टाक्या झाल्या: १५.७ आणि १५.५. रस्ता तोच, चालवणारा मीच, एसीही तसाच. सर्व्हिसिंग टायरच्या आधीच झालंय. म्हणजे जवळजवळ नऊ टक्के गेले.

टायरने एवढा फरक पडतो का? मेकॅनिक म्हणतो इंजेक्टर साफ करून घ्या. घरचे म्हणतात, आता सवय करून घे.

निवांत

टायर गोल आहेत ना? मग झालं. एवढं मोजत बसलात तर गाडी चालवणार कधी?

भटकभवानी

यात कोडं काय आहे? टायर रुंद झाला, जमिनीला जास्त रबर लागलं, घर्षण वाढलं, ॲव्हरेज पडलं. शर्यतीच्या सायकलींना बारीक टायर असतात ते उगाच नाही. गपचूप १८५ परत टाका.

काटेकोर

@भटकभवानी, शर्यतीच्या सायकलवाल्यांनीसुद्धा गेल्या काही वर्षांत बारीक टायर सोडून २५ आणि २८ मिलिमीटरचे धरलेत. रुंदी म्हणजे घर्षण असं सरळ समीकरण नाही. ते कुणीतरी जाणकार सांगेल.

@चौथागिअर, टायरला शिव्या देण्याआधी एक हिशोब करा. तुमचा किलोमीटरचा आकडा कुठून येतो? चाक किती वेळा फिरलं यावरून. गाडीला वाटतंय अजून जुनंच चाक आहे.

टायरवरचा पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे रिमपासूनची उंची रुंदीच्या किती टक्के, शेवटचा रिमचा व्यास इंचात. १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२०.२५ मिमी. वर आणि खाली मिळून २४०.५. पंधरा इंची रिम ३८१ मिमी. टायरचा व्यास झाला ६२१.५.

२०५ चे ६५ टक्के १३३.२५, दुप्पट २६६.५, अधिक ३८१. व्यास ६४७.५.

फरक ४.२ टक्के. म्हणजे मीटरवर १०० किलोमीटर दिसतात तेव्हा गाडी १०४ चालून आलेली असते. तुमचे १५.६ हे खरे १६.२५ आहेत. नऊ टक्क्यांतले चार तर कुठे गेलेच नव्हते.

दुसरं म्हणजे स्पीडोमीटरही तेवढाच मागे पडलाय. मीटर कंपन्या मुळात काटा थोडा पुढे ठेवतात, कारण संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन-नियमानुसार दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कमी असून चालत नाही. तुमची ती राखीव जागा बहुधा संपली. वेगमर्यादेच्या पाटीशेजारून जाताना हे लक्षात असू द्या.

हवा किती आहे? कधी बघितली? आणि टायर गार असताना का गरम असताना?

चौथागिअर

@काटेकोर, दंडवत. हे डोक्यातच आलं नव्हतं. हवा दुकानात भरून दिली होती तीच. किती ते नाही विचारलं.

निवांत

चला, चार टक्के घरबसल्या परत मिळाले. बाकीचे पाच पण कुणीतरी कागदावर काढून द्या म्हणजे पेट्रोल भरायलाच नको.

रबरी

बरीच वर्षं टायरच्या कंपाउंडवर, म्हणजे रबराच्या मिश्रणावर, काम केलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे टायर फिरताना होणारा विरोध, हा शब्द वीस वेळा लिहावा लागेल, तेव्हा पुढे नुसतं 'रोरे'.

पहिली गोष्ट, रोरे म्हणजे टायर रस्त्यावर घासणं नव्हे. रबराचा चेंडू छातीच्या उंचीवरून सोडा. परत छातीपर्यंत येत नाही. दाबला गेला तेव्हा त्याने घेतलेली ताकद उसळताना तो पूर्ण परत देत नाही, थोडी पोटात ठेवतो आणि तिची उष्णता होते. टायरचं तेच. चाक फिरताना प्रत्येक तुकडा जमिनीशी आला की चपटा होतो, सुटला की पूर्ववत होतो. एका फेऱ्यात एकदा, आणि ऐंशीच्या वेगाला चाक सेकंदाला अकरा-बारा फेरे मारतं. दर फेऱ्याला थोडी उष्णता. लांबून आल्यावर टायर हाताला गरम लागतो ना, ते तुमचंच पेट्रोल. रोरेचा बहुतांश भाग हाच.

आता सगळ्यात जास्त दुमडतं-दबतं ते कुठलं रबर? नक्षीचं. कारण सगळ्यात जाड थर तोच. म्हणून नक्षी झिजत जाते तसा रोरे उतरत जातो. पार झिजलेल्या टायरचा रोरे तोच टायर नवा असतानाच्या तुलनेत पाचव्या हिश्श्याने कमी झालेला असू शकतो.

चौथागिअर, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. तुम्ही नव्या टायरची तुलना गोट्याशी करताय. अगदी त्याच कंपनीचे, त्याच नावाचे, त्याच मापाचे टायर टाकले असते तरी ॲव्हरेज पडलंच असतं. जगात जवळजवळ प्रत्येकाला नवे टायर टाकल्यावर 'हे टायर पेट्रोल पितात' असं वाटतं ते यामुळे. जुने टायर शेवटच्या दिवसांत सगळ्यात काटकसरी असतात, आणि पावसात सगळ्यात धोकादायकही तेव्हाच. ते १७.२ तुम्ही ओल्या रस्त्यावरची पकड गहाण टाकून मिळवत होतात.

रोरे आणि इंधन यांचं नातं: अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचा २००६ चा अहवाल सांगतो की रोरे दहा टक्के कमी झाला तर इंधनात एक ते दोन टक्के फरक पडतो. म्हणजे गोट्यावरून नव्यावर येण्याचेच दोन ते चार टक्के धरा. शिवाय कोरा टायर पहिले काही हजार किलोमीटर जरा जड चालतो, मग मोकळा होतो.

काटेकोर

उत्तम प्रतिसाद. त्यात माझी भर: झिजलेला टायर व्यासानेही लहान असतो. आठ मिलिमीटरची नक्षी दोनवर आली तर कागदावर व्यास १२ मिमीने, म्हणजे दोन टक्क्यांनी कमी. तेव्हा मीटर उलट जास्त किलोमीटर मोजत होता. रेडियल टायरमध्ये आतला स्टीलचा पट्टा काही आखूड होत नाही, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक यापेक्षा कमी. एक टक्का धरू. म्हणजे तुमचे जुने १७.२ हे खरे १७ च्या आसपास होते.

१७ वरून १६.२५. आता चार-साडेचार टक्क्यांचंच भांडण उरलं.

भटकभवानी

बरं मान्य, पण रुंदीचं काय? रुंद टायरला काहीच दंड नाही असं कसं?

रबरी

दंड आहे, पण तुम्ही म्हणता त्या कारणाने नाही. हवेचा दाब तोच असेल तर जमिनीला टेकलेल्या तुकड्याचं क्षेत्रफळ साधारण तेवढंच राहतं. वजन भागिले दाब, एवढाच हिशोब. रुंद टायरचा ठसा आडवा जास्त, उभा कमी. ठसा आखूड झाला की रबर कमी वाकतं, म्हणजे नुसत्या रुंदीने रोरे थोडा कमीसुद्धा होऊ शकतो.

दंड दुसरीकडून बसतो. रुंद टायर बहुधा पकडीसाठी बनवलेला असतो, कंपाउंड जास्त ऊर्जा गिळणारं असतं, रबरही जास्त. आणि तो हवेला जास्त अंग देतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. तुमच्यासारख्या गाडीत साठ-पासष्टच्या आसपास टायरचा आणि हवेचा विरोध बरोबरीला येतात. त्याखाली टायर भारी, त्यावर हवा. शंभरला तर हवेचा विरोध दुपटीच्याही वर गेलेला असतो.

बीएमडब्ल्यूच्या आय थ्री या इलेक्ट्रिक गाडीला पुढे १५५/७० आर १९ टायर होते. उंच आणि अरुंद, बघायला सायकलसारखे. मोठ्या व्यासाने रबर कमी वाकतं आणि अरुंद अंगाने हवा कमी अडते, असे दोन्ही फायदे एकदम.

पंक्चरपुराण

रबरी सरांनी शास्त्र सांगितलं. मी हाताचं सांगतो, आमचा धंदाच चाकांचा.

नवे टायर बसवल्यावर अलाइनमेंट केलं का? नसेल तर तळहात नक्षीवरून आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने करवतीसारखं बोचलं तर टो, म्हणजे चाकांच्या तोंडाची दिशा, बिघडलाय. दोन्ही चाकं फेंगडी किंवा आत वळलेली चालतात, म्हणजे गाडी सरळ जाते पण टायर सतत थोडा आडवा खरवडला जातो. इंधनही जातं आणि टायरही. नव्या टायरवर हे महिन्याभरातच हाताला कळतं.

दुसरं, चाक जॅकवर उचलून गिअर न्यूट्रलला ठेवून हाताने फिरवा. टेकवलेल्या चाकांना दगड लावायला विसरू नका. मोकळं फिरायला हवं. ब्रेक धरून राहिला असेल तर लगेच कळेल. लोक टायर बदलतात, इंजेक्टर धुतात, आणि चोर असतो अडकलेला ब्रेकचा कॅलिपर.

ट्रकवाल्यांना ही सगळी उजळणी लागत नाही. लादलेल्या ट्रकच्या इंधनातला तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासचा भाग टायरमध्येच जिरतो. आमच्याकडे येणारे ड्रायव्हर काठीने टायर वाजवून हवा सांगतात. त्यावर विश्वास ठेवू नये, गेज लावावा, पण निदान रोज वाजवून तरी बघतात. कारवाले पंक्चर झाल्यावरच येतात.

चौथागिअर

आज सकाळी गाडी काढण्याआधी हवा बघितली. दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरवर ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलंय. निघाली: २८, २८, २७, २८.

दुकानदाराने मला सांगितलेलं, रुंद टायरला हवा कमी लागते, बसायला मऊ वाटेल. मऊ वाटत होतीच.

काटेकोर

सापडला आणखी एक. अमेरिकी सरकारच्या इंधन-माहितीत आकडा दिलाय: चारही टायरची सरासरी हवा एक पीएसआय उतरली की इंधनात ०.२ टक्के नुकसान. तुमचे पाच पीएसआय म्हणजे एक टक्का.

आकडा लहान वाटतो म्हणून लोक सोडून देतात. पण कमी हवेचा खरा फटका टायरलाच बसतो. कडा झिजतात, आत उष्णता साठते.

आणि डॅशबोर्डवर दिवा लागेल तेव्हा बघू, असं म्हणणाऱ्यांसाठी: अमेरिकी नियमात हा दिवा २५ टक्के हवा गेल्यावर लागणं बंधनकारक आहे. म्हणजे ३३ चे २५ होईपर्यंत तो गप्प बसू शकतो. तुमच्या २८ वर तो लागला नसताच.

गॅसपाणी

मी तर थेट ४४ भरतो. टायरवरच छापलंय की! गाडी लोण्यासारखी पळते, ॲव्हरेज टकाटक.

पंक्चरपुराण

@गॅसपाणी, ते ४४ म्हणजे त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तुमच्या गाडीचं माप नव्हे. तोच टायर दहा वेगवेगळ्या गाड्यांना बसतो. गाडीचं माप खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे असतं. ४४ वर टायर मधोमध फुगतो, मधली नक्षी आधी जाते, आणि ब्रेक मारताना कडा रस्त्याला नीट टेकतच नाहीत. गाडी पळते लोण्यासारखी, पण थांबतेही तशीच.

गॅसपाणी

चार वर्षं भरतोय, काही झालं नाही.

पंक्चरपुराण

फोटो टाका नक्षीचा. कडेला आणि मध्ये नाणं उभं करून.

निवांत

आता मजा आली. माझाही एक प्रश्न घ्या. नायट्रोजन भरून दिला मला, म्हणे ॲव्हरेज वाढतं. वाढतं का?

रबरी

नायट्रोजनने थेट काही वाढत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फायदा एवढाच की तो रबरातून जरा सावकाश झिरपतो. कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकी ग्राहक-मासिकाने वर्षभर टायर ठेवून बघितले होते, ३० पीएसआयवरून सुरुवात करून. साध्या हवेचे सरासरी ३.५ उतरले, नायट्रोजनचे २.२. वर्षाला सव्वा पीएसआयचा फरक, म्हणजे काटेकोर यांच्या हिशोबाने इंधनात पाव टक्का. महिन्यातून एकदा गेज लावणाऱ्याला तोही मिळणार नाही, कारण त्याची हवा उतरलेलीच नसते.

थंडीचं मात्र लक्षात ठेवा. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय जातो, आत नायट्रोजन असो की हवा.

शून्यधूर

इलेक्ट्रिकवाल्यांतर्फे हजेरी. आमच्याकडे हा विषय जास्त झोंबतो. पेट्रोल इंजिन निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता म्हणून वाया घालवतं, त्या गोंधळात टायरचं नुकसान लपून जातं. मोटर वाया घालवतच नाही म्हटलं तरी चालेल, मग हवा आणि टायर एवढेच दोन खर्च डोळ्यांत भरतात.

मी कंपनीचे टायर झिजल्यावर त्याच मापाचे दुसरे टाकले, मऊ आणि पकडीचे. एका चार्जमधलं अंतर सात-आठ टक्क्यांनी आखडलं. तेव्हा मीही इथे असाच धागा काढणार होतो.

रबरी

@शून्यधूर, तुमच्या अनुभवात एक मेख आहे. गाडी कारखान्यातून बाहेर पडते तेव्हाचे टायर त्या गाडीसाठी मुद्दाम कमी रोरेचे करून घेतलेले असतात, कारण कंपनीला इंधनाच्या चाचणीत आकडा दाखवायचा असतो. काही कंपन्यांची खास खूणही साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, असते. बीएमडब्ल्यूची चांदणी, मर्सिडीजचं 'एमओ', ऑडीचं 'एओ'. दुकानात तेच नाव, तेच माप, पण खूण नसलेला टायर मिळतो, आणि आतलं कंपाउंड वेगळं असू शकतं. म्हणजे 'सेम टू सेम टाकले' म्हणणारासुद्धा कधीकधी सेम टाकत नाही.

भटकभवानी

मग घेताना कळायचं कसं? दुकानदाराला रोरे विचारला तर तो मलाच रडवेल.

काटेकोर

युरोपात टायरला फ्रिजसारखं लेबल असतं, नोव्हेंबर २०१२ पासून. मे २०२१ पासून नव्या रूपात, ए ते ई. तिथे विकला जाणारा तोच टायर तुमच्याकडे मिळत असेल तर लेबल शोधून वाचता येतं. कारच्या टायरसाठी ए म्हणजे टनामागे साडेसहा किलो किंवा कमी, ई म्हणजे १०.६ आणि वर.

टनामागे किलो ही भाषा मला फार आवडते. एक टन वजन सपाट रस्त्यावर नुसतं लोटत ठेवायला किती किलोचा ओढा लागतो, एवढंच ते सांगतं. माणसांसकट १३०० किलोची गाडी आणि दहाचा टायर: सतत १३ किलो ओढताय. साडेसहाचा टायर: साडेआठ किलो.

साडेचार किलोचा फरक, १०० किलोमीटरभर. म्हणजे साधारण साडेचार मेगाज्यूल. लिटरभर पेट्रोलमध्ये ३२ मेगाज्यूल, त्यातले चाकापर्यंत पाव पोचतात, म्हणजे आठ. साडेचार भागिले आठ, अर्ध्या लिटरहून जास्त! शंभर किलोमीटरला सहा लिटर पिणाऱ्या गाडीत नऊ टक्के. हे तर मलाच जास्त वाटतंय.

रबरी

जास्तच आहे, आणि चूक शेवटच्या पायरीत आहे. इंजिनचा पाव हिस्सा ही सरासरी झाली. इंजिन स्वतःच्या घर्षणासाठी जे जाळतं ते तुम्ही ओझं कमी केलं म्हणून कमी होत नाही. ते भाडं ठरलेलं आहे. त्यामुळे ओझ्यातला शेवटचा किलो काढल्यावर वाचणारं पेट्रोल सरासरीपेक्षा कमी भरतं. पाव हिश्श्याऐवजी ३५-४० टक्के धरून तोच भागाकार करा. साडेतीनशे-चारशे मिलिलिटर येतील, म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास. मघाच्या 'दहाला एक ते दोन' या नियमाशी हे जुळतं. रोरे ३५ टक्के कमी, इंधन साडेतीन ते सात टक्के कमी.

आणि हा लेबलच्या जवळजवळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा फरक झाला. दुकानात समोरासमोर ठेवलेल्या दोन बऱ्या टायरमध्ये तो अर्धाही नसतो.

भटकभवानी

म्हणजे डोळे मिटून ए घ्यायचा?

रबरी

नाही! त्याच लेबलवर दुसरं अक्षर असतं, ओल्या रस्त्यावरच्या पकडीचं. आधी ते वाचायचं. ऐंशीवरून ब्रेक मारला तर पकडीच्या एका श्रेणीमागे थांबण्याचं अंतर तीन ते सहा मीटरने वाढतं. सहा मीटर म्हणजे सव्वा गाडी. पुढच्याच्या डिकीत शिरायला पुरेसे.

जुन्या काळी या दोन अक्षरांचं हाडवैर होतं. उष्णता कमी खाणारं रबर घ्या, तर ते ओल्यात घसरतं. पकड घ्या, तर पेट्रोल जातं. कोंडी फुटली ती सिलिकामुळे. मिशलिनने १९९२ मध्ये कार्बन ब्लॅकचा, म्हणजे रबरात घालतात त्या काजळीचा, बराच भाग काढून सिलिका घातलेला टायर बाजारात आणला. गंमत अशी आहे की हे दोन्ही गुण रबराच्या वेगवेगळ्या हालचालींवर ठरतात. चाक फिरताना रबर सेकंदाला दहा-पंधरा वेळा दबतं. पण ब्रेक मारल्यावर डांबरातल्या बारीक खड्यांवरून ते सेकंदाला हजारो-लाखो वेळा थरथरतं. पहिल्या हालचालीत ऊर्जा कमी खा आणि दुसरीत भरपूर खा, असं रबराला शिकवता येतं. सिलिका आणि रबर यांचं आपसात जमत नाही, मध्ये सिलेन नावाचा दलाल लागतो. मिक्सिंगला वेळ जातो, तापमान जरा चुकलं की माल फुकट. माझी निम्मी नोकरी त्या दलालाची मनधरणी करण्यात गेली.

म्हणून दोन्ही अक्षरं चांगली असलेला टायर महाग असतो. रोरे चांगला पण पकड डी असलेला स्वस्त टायरही मिळतो. तो घेऊ नका, लिटरला अर्धा किलोमीटर वाचेल पण...

निवांत

पण डिकी. समजलं.

काटेकोर

महाग टायर परवडतो का याचा हिशोब ज्याने त्याने करावा, सोपा आहे. लिटरला १६ देणारी गाडी टायरच्या आयुष्यात ४०,००० किलोमीटर चालली तर २५०० लिटर जाळते. चार टक्के वाचले तर १०० लिटर. त्याची किंमत काढा आणि चार टायरच्या किमतीतल्या फरकाशेजारी ठेवा. वर्षाला पाच हजारच चालवणाऱ्याचा टायर झिजण्याआधी म्हातारा होईल, त्याने या भानगडीत पडू नये.

गॅसपाणी

अलॉयचं कुणी बोललंच नाही. स्प्रिंगखालचा एक किलो वरच्या दहा किलोंएवढा असतो म्हणे. मी हलके अलॉय टाकणार आहे, ॲव्हरेजसाठी.

काटेकोर

हे दहापटीचं कुठून आलं देव जाणे, प्रत्येक धाग्यावर उगवतं. वेग घेताना चाकाच्या अगदी परिघावरचं वजन जास्तीत जास्त दुप्पट मोजलं जातं, कारण ते पुढेही जातं आणि फिरतंही. परिघाच्या आत असेल तर त्याहून कमी. चाकामागे तीन किलो वाचवले तर चोवीस किलोंएवढा परिणाम, तोही फक्त वेग घेताना. डिकीतला पसारा काढलात तर फुकटात तेवढंच मिळेल. दिसायला छान म्हणून घ्या, आक्षेप नाही. आणि नक्षीचा फोटो राहिलाय तुमचा.

चौथागिअर

धागा वर काढतोय, हिशोब द्यायचा होता.

हवा ३३ केली, दर रविवारी गार टायरवर बघतो. अलाइनमेंट केलं, टो थोडा बाहेर होता. चारही चाकं हाताने फिरवून बघितली, मोकळी आहेत. इंजेक्टरला हात लावला नाही.

जीपीएस लावून मोठ्या सरळ रस्त्यावर गेलो. जीपीएस ५०.० किलोमीटर झाले म्हणालं तेव्हा गाडीचा किलोमीटरचा मीटर ४८.१ वर होता. फरक चार टक्के, काटेकोर यांचा कागदावरचा आकडा जवळजवळ तंतोतंत.

त्यानंतर तीन टाक्या. मीटरप्रमाणे १५.८, १६.०, १५.९. चार टक्के धरून खरे साडेसोळा. जुन्या खऱ्या १७ शी तुलना केली तर तीन टक्के कमी.

काटेकोर

हवा आणि टो यांनी नेमकं किती दिलं हे यावरून सांगू नका मात्र. नोझल कधी लवकर बंद होतं, कधी उशिरा. ३५ लिटरमध्ये अर्धा लिटर इकडेतिकडे झाला की दीड टक्का हलतो. तीन टाक्यांची बेरीज करून एकच आकडा काढलात तर तो जास्त भरवशाचा.

उरलेले तीन टक्के नव्या नक्षीचे आणि थोडे कंपाउंडचे. त्यातले काही नक्षी झिजेल तसे परत येतील.

चौथागिअर

म्हणजे टायर तेच ठेवू?

रबरी

भार आणि वेगाचे क्रमांक स्टिकरवरच्यापेक्षा कमी नाहीत ना? स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कुठे घासत नाहीत ना? मग राहू द्यात. कोरे टायर काढून टाकण्यात कसली काटकसर. पुढच्या वेळी १८५.

चौथागिअर

दोन्ही ठीक आहे, तपासलं. पावसात फरक मात्र जाणवला. परवा एक जण अचानक आडवा आला तर गाडी जागच्या जागी थांबली. जुन्यांवर काय झालं असतं कुणास ठाऊक.

पंक्चरपुराण

एक विचारायचं राहिलं. स्टेपनी कुठली आहे?

चौथागिअर

जुनीच, १८५. कधी वापरलीच नाही, नवी कोरी आहे.

पंक्चरपुराण

आता ती बाकीच्या तिघांपेक्षा २६ मिलिमीटरने लहान आहे. पुढच्या एका बाजूला लावलीत तर दोन चाकं वेगवेगळ्या गतीने फिरणार आणि डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे गिअर) सरळ रस्त्यावरही वळणावर असल्यासारखं राबत राहणार. पुढचा टायर पंक्चर झाला तर मागचा काढून पुढे लावा आणि स्टेपनी मागे. सावकाश चालवा, दुकानापर्यंतच. गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी आहे असं धरून सांगतोय.

हवा किती आहे तिच्यात?

चौथागिअर

बघून सांगतो.

चौथागिअर

११.